सम थोडी मागे

शनिवार, ३ मे

ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो. तिथला पहिला धडा असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदललं, मग काय झालं, ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं. नाहीतर आठवड्याभराने आपलाच उद्योग आपल्याला ओळखू येत नाही. म्हणून ही दैनंदिनी. रेकॉर्डिंग संपलं की ही बंद.

काम असं आहे. बाबा गुरुवारी सांगलीहून आले. सबंध आयुष्य त्यांनी तबला शिकवला आणि गवयांची साथ केली, पण स्वतःचं वाजवणं कधी कुणाला रेकॉर्ड करू दिलं नाही. 'मशीनवरनंच शिकायचं तर गुरू कशाला,' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आणि फेब्रुवारीत त्यांनीच फोन केला, "तुझ्या त्या मशीनवर माझं घेशील का रे? बुवांचे कायदे तेवढे. पोरांना राहतील." बुवा म्हणजे त्यांचे गुरू, आणि कायदे म्हणजे त्यांनी शिकवलेल्या तबल्याच्या रचना. बाबांनी आजवर माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी ऑफिसातल्या मीटिंगमध्ये होतो, तरी तिथूनच हो म्हणालो. जूनच्या मध्याला ते परत जाणार. तोवर झालं पाहिजे.

डग्गा सामानात टाकला होता, तबला मात्र विमानात मांडीवर घेऊन आले. मुंबईला सिक्युरिटीवाल्यांनी हे काय आहे म्हणून वाजवून दाखवायला लावलं म्हणे. "दोन आवर्तनं वाजवली. मागं रांग खोळंबली, पण कुणी कुरकुरलं नाही," हे सांगताना बाबा हसले नाहीत. पूर्वी असला किस्सा सांगताना ते स्वतःच आधी हसायचे. प्रवासाने दमलेत.

डब्लिन विमानतळावर निहारिकाही रजा काढून आली होती. माझी बायको लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. आठवडाभर तिकडे असते आणि शुक्रवारी गाडी हाणत ॲथलोनला घरी येते. बॅगा तिने माझ्यावर सोपवल्या आणि पार्किंगपर्यंत बाबांच्या मागून चालत राहिली. तीही दमली असावी.

वरची छोटी खोली रिकामी केली. भिंतींना जुन्या रजया टांगल्या, खाली गालिचा होताच. जुना लॅपटॉप पुसून त्यावर लिनक्स टाकायला घेतलं. ऑफिसातले म्हणाले, तयार काहीतरी विकत घे आणि मोकळा हो. पण जे उघडून आत बघता येतं तेच दुरुस्त करता येतं, असा माझा विश्वास आहे. लिनक्समध्ये सगळं उघडून बघता येतं.


सोमवार, ५ मे. बँक हॉलिडे

लिनक्स बसलं. दोन माइक आणले: एक तबल्यावर, एक डग्ग्यावर. दोन्ही एका छोट्या डबीत जातात आणि डबीतून लॅपटॉपमध्ये. या डबीला इंटरफेस म्हणतात. बाबांच्या कानाला हेडफोन. त्यात लॅपटॉपवरचा लेहरा, म्हणजे तबला सोलोला तालाचा धागा धरून ठेवणारी तीच ती धून, आणि त्यांचा स्वतःचा तबला.

पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मोहरी तडतडल्यासारखा आवाज आला.

त्याचं कारण सोपं आहे. मशीन आवाज थेंबाथेंबाने नेत नाही, वाटी भरली की नेतं. वाटी मोठी असेल तर सगळं शांत चालतं, पण वाजवल्यापासून कानात पडेपर्यंत वेळ जातो. ही लेटन्सी. वाटी लहान केली तर वेळ वाचतो, पण मशीनला धावपळ झेपत नाही आणि सांडलवंड होते, ती तडतड. सेटिंग करायचं म्हणजे सांडणार नाही इतकी लहान वाटी शोधायची. बाबांना हे सांगितलं. म्हणाले, "म्हणजे तबल्याच्या गजऱ्याला हातोडीनं ठोकण्यासारखंच की. जास्त ठोकलं की फाटतं."

ते तबला सुरात लावून, हातोडी मांडीवर ठेवून बसून होते. दर थोड्या वेळाने हळूच विचारायचे, "लागलं का तुझं?" इतकं हळू बोलतात की दरवेळी मला 'काय?' म्हणावं लागतं. क्लासमध्ये यांचा आवाज रस्त्यावर ऐकू जायचा. मुलखावेगळ्या थंडीने घसा धरला असेल.

संध्याकाळपर्यंत नाही लागलं.


बुधवार, ७ मे

घरूनच काम होतं, त्यामुळे मधूनमधून वर जाता आलं. बदललेल्या गोष्टी: आवाजाच्या कामाला बाकी सगळ्या कामांच्या आधी नंबर दिला. प्रोसेसरची वीज वाचवायची सवय मोडली, आता तो सतत पूर्ण वेगाने पळतो. वायफाय बंद केलं. शेवटच्या गोष्टीवरून स्वरांगी भडकली. नऊ वर्षांची मुलगी, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या इंग्रजीत. "डॅड, यू कॅन्ट जस्ट टर्न ऑफ द वायफाय! दॅट्स नॉट फेअर!" मी फक्त लॅपटॉपचं बंद केलं होतं, घराचं नव्हे. गैरसमज दूर व्हायला अर्धा तास लागला.

पण तडतड गेली! वाटी निम्म्यावर आणली तरी सांडत नाही. अकरा वाजता पहिला कायदा घेतला आणि मी जिन्यातच बसून ऐकला. बाबांचं बोट पूर्वीसारखं टणक पडत होतं. मला एकदम आमच्या सांगलीच्या माडीवरचा क्लास आठवला. शाळेत असताना पेटीवर लेहरा धरायला बाबा मलाच बसवायचे, आणि बाकीची पोरं खाली क्रिकेट खेळायची. तेव्हा फार राग यायचा. आज नाही आला.

चार वाजता दुसरा कायदा घेतला, तो बिघडला. सगळं ढिलं. लेहऱ्याच्या मागे मागे पडत गेलं आणि सम, म्हणजे तालाच्या फेऱ्याची पहिली मात्रा, गाठताना बाबांना ओढाताण करावी लागली. सेटिंग तेच, वाटी तीच. लॅपटॉप तापला असणार.


शनिवार, १० मे

निहारिका काल आली. मी तिला सगळी यंत्रणा दाखवली. तिने कौतुक केलं, पण तिचं लक्ष नव्हतं.

सकाळी बाबांनी चहासाठी दूध तापत ठेवलं आणि तिथेच उभे राहून खिडकीतून शेजारच्या ब्रीदाची बाग बघत राहिले. दूध उतू गेलं, करपलं, सगळं घर वासाने भरलं, मी वरच्या मजल्यावरून धावत आलो. बाबा शेगडीपासून हातभर अंतरावर, शांत. "लक्षच नव्हतं," म्हणाले. लक्षाचं ठीक, पण वास? निहारिकाने पातेलं घासायला घेतलं.

दुपारी ती बाबांशी आणि स्वरांगीशी कसलातरी खेळ खेळत होती. अंगठा आणि पहिलं बोट भराभर टेकवायचं, जितकं जोरात होईल तितकं. आधी डाव्या हाताने, मग उजव्या. स्वरांगी जिंकली. तबलजी हरले म्हणून मी चिडवलं तर बाबा म्हणाले, "वय झालं की." निहारिका नाही हसली.

मग शॅनन नदीच्या काठाने फिरायला गेलो. वारा होता, पण ऊन छान. बाबा आणि निहारिका पुढे बरेच बोलत चालले होते. स्वरांगी माझ्याबरोबर मागे. ती म्हणाली, "लुक, आजोबा ओन्ली स्विंग्ज वन आर्म. लाइक युअर मॅन कॅरीइंग अ बकेट." इथे कुणाही माणसाला 'युअर मॅन' म्हणतात. खरंच, उजव्या हातात न दिसणारी बादली धरल्यासारखे चालत होते. मोठ्यांच्या नकला करू नयेत असं मी तिला सांगितलं.


मंगळवार, १३ मे

निष्कर्ष: सकाळचं रेकॉर्डिंग उत्तम, दुपारचं भिकार. एकदा नव्हे, सतत. तेव्हा घरात दुपारी काय वेगळं असतं ते शोधलं. गरम पाण्याची टाकी दुपारी चालू होते, म्हणून ती बंद ठेवली. काही फरक नाही. लॅपटॉपखाली पंखा लावला. काही फरक नाही. ब्रीदाचं गवत कापायचं मशीन? ते गुरुवारी असतं. तिला मी विचारलं सुद्धा. ती म्हणाली, "अँड हाऊज हिमसेल्फ?" हिमसेल्फ म्हणजे बाबा. ते मागेच उभे होते, त्यांनी सांगितलं, "ग्रँड." ग्रँड म्हणजे छान चाललंय; इथला हा एकच शब्द त्यांनी उचललाय. कसंही विचारा, ग्रँड.

बाबांचं म्हणणं, "सकाळीच घेऊया की. दुपारी कशाला?" पण मूळ दोष सापडला नाही तर तो सकाळीही कधीतरी डोकं वर काढणार. हे त्यांना पटत नाही.

त्यांना विचारलं, हात दुखतोय का? ग्रँड. मग विचारलं की रोज चहाआधी गोळी घेता ती कसली? "व्हिटॅमिन." मी म्हटलं चांगलं आहे, इथे ऊन कमी.

जेवताना ते आज बोलायच्या मूडमध्ये होते. पद्मिनीबाई नावाच्या गायिकेची गोष्ट सांगितली. बाबांनी वीसेक वर्षं त्यांची साथ केली. उतारवयात बाईंचा दम कमी पडायला लागला. तान घेतली की समेवर यायला किंचित उशीर व्हायचा. "मग मी सम थोडी मागं ठेवायचो," बाबा म्हणाले. "इतकीशी. बाई यायच्या तिथं सम असायची. लोक टाळ्या द्यायचे."

"त्यांना कळलं नाही?"

"कळलं असंल नसंल. ते सांगायचं नसतं. साथ म्हणजे तीच."

मग लेहऱ्याच्या मशीनबद्दल म्हणाले, "हे तुझं बेणं थांबत नाही बघ." मी म्हटलं, न थांबणं हाच त्याचा गुण आहे बाबा.


रविवार, १८ मे

सापडलं!

इतके दिवस मी आवाज ऐकत होतो. आज बघितला. स्क्रीनवर दोन पट्टे असतात, वर तबल्याचा, खाली डग्ग्याचा. 'धा' हा बोल दोन्ही हातांनी एकदम वाजतो, तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर रेघ एकाच ठिकाणी उठली पाहिजे. ताणून मोठं करून बघितलं. सकाळच्या कायद्यात दोन्ही रेघा जवळजवळ एकाखाली एक. दुपारच्या कायद्यात खालची वेळेवर, वरची बोटभर मागे. प्रत्येक धा. आणि कायदा जसा पुढे जातो तसं अंतर वाढत जातं.

म्हणजे अख्खं मशीन मंद नाही, फक्त एक बाजू मंद आहे. तबल्याचा माइक नाहीतर त्याची वायर, किंवा डबीतला तो कप्पा. उद्या वायरींची अदलाबदल करतो. दोष उडी मारून डग्ग्यावर गेला की पकडलाच.

इतकं बरं वाटलं की बाबांना हाक मारून दाखवलं. रेघा कशा वाचायच्या ते समजावून सांगितलं. ते चष्मा लावून खूप वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. "वरची म्हणजे उजवा हात?" विचारलं. हो म्हटलं. "आणि हे जास्त जास्त होत जातं?" हो म्हटलं. "बरंय की मशीन तुझं," असं म्हणाले आणि खाली गेले.

आपल्या कामाचं वडलांनी कौतुक केलं की या वयातही अंगावर मूठभर मांस चढतं, हे लिहून ठेवायला हरकत नाही.


सोमवार, १९ मे

वायरी बदलल्या. दोष तबल्यावरच.


मंगळवार, २० मे

माइक बदलले. दोष तबल्यावरच. डबीतले कप्पे बदलले. तबल्यावरच.

शेवटी दोन्ही माइक शेजारी शेजारी ठेवून मधोमध मी टाळी वाजवली. दोन्ही रेघा एकाखाली एक, केसाचाही फरक नाही. दुपारी केलं हे सगळं, चार वाजता, यंत्रणा सर्वांत वाईट वागते त्या वेळी.

यंत्रणेत दोष नाही.

बाबा कोपऱ्यात बसून बघत होते. मी वैतागलो होतो, बोलून गेलो, "बाबा, तुम्हीच उशिरा वाजवताय का?"

"असंन," ते म्हणाले.

हातोडी पिशवीत घातली, तबल्याला खोळ चढवली. खोळीची दोरी बांधायला त्यांना फार वेळ लागला. मी मदत करायला पुढे झालो नाही, कारण मी लॅपटॉपकडे बघत होतो.


शनिवार, २४ मे

बुधवार ते शुक्रवार वर गेलोच नाही. काम आहे असं सांगितलं.

आज सकाळी निहारिकाला घेऊन सुपरमार्केटला गेलो. पार्किंगमध्ये गाडी थांबवली आणि मोबाइलवर तिला रेघांचे फोटो दाखवले. वायरी, माइक, टाळी, सगळं क्रमाने सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "निमिष, तुला पार्किन्सन्स माहितीये ना?"

मी म्हटलं, माहितीये.

"गेल्या वर्षी मिरजेला निदान झालं. उजव्या बाजूने सुरुवात आहे. गोळी लागू पडते, चांगली लागू पडते. सकाळी वाजवतात ते गोळीमुळे. दुपारची ते टाळत होते, मळमळतं म्हणून. तिची वेळ मी बदलून दिली आहे, आता कालपासून घेतात."

"तुला कधीपासून माहीत?"

"फेब्रुवारीत त्यांनी फोन केला होता. तुला केला त्याच्या आधी."

मी फार वाईट बोललो. नवऱ्यापासून लपवतेस, मग घरात मी कोण, वगैरे. विमानतळावर मागून चालत होतीस ती त्यांची चाल बघत होतीस, बोटांचा खेळ म्हणजे तपासणी होती, आणि मी मूर्खासारखा गरम पाण्याची टाकी बंद करत फिरत होतो. ट्रॉली घेऊन चाललेली एक बाई थांबून बघायला लागली तेव्हा आवाज खाली केला.

निहारिका म्हणाली, "त्यांनी शब्द घेतला होता. आधी डॉक्टर म्हणून विचारलं, मग सून म्हणून सांगितलं, निमिषला रेकॉर्डिंग संपेपर्यंत कळू देऊ नको."

"का पण?"

"म्हणाले, तो दुरुस्त करायला बसेल."

ती पुढे म्हणाली, "शॅननवर मी त्यांना म्हटलं, बाबा, आता सांगूया. तर म्हणाले, तो मशीन दुरुस्त करतोय ना? करू दे. मशीनचं होईल तरी."

मी रडलो. निहारिकाने आत जाऊन दूध, ब्रेड, कोथिंबीर आणली. परत आल्यावर मी तिला म्हटलं, मला कळलंय हे बाबांना सांगू नकोस. ती म्हणाली, "तुम्ही दोघं ना!" पण सांगत नाही म्हणाली.


रविवार, २५ मे

आज त्यांच्याकडे नीट बघितलं. न हसणारा चेहरा, खाली गेलेला आवाज, न हलणारा उजवा हात, न येणारा वास. सगळं या दैनंदिनीत आधीच लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. लिहीत मी होतो, वाचत नव्हतो.


बुधवार, २८ मे

तरी दुरुस्त करायला बसलोच.

सरळ उपाय होता. वरचा पट्टा बोटभर पुढे सरकवायचा. एकसारखा नाही सरकवता येत, कारण अंतर वाढत जातं. म्हणून एकेक आघात सुटा करून डग्ग्याच्या रेघेखाली बसवला. एक कायदा करायला दोन संध्याकाळी गेल्या. ऐकला, आणि अक्षरशः दहा वर्षांपूर्वीचे बाबा. मला वाटलं, झालं, सगळे असेच करू, पोरांना असेच देऊ.

बाबांना हेडफोन दिला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. पहिल्याच आवर्तनाला डोळे उघडले.

"डावं माझं आहे," म्हणाले. "उजवं कुणाचं?"

"तुमचंच बाबा. थोडं साफ केलंय."

"दुपारचं आहे ना हे? असं नव्हतं वाजलं." हेडफोन काढून त्यांनी नीट गुंडाळून टेबलावर ठेवला. रागावले नव्हते. "पुसून टाक. पोरांना ठाऊक आहे माझा हात. त्यांना काय सांगशील, कोण वाजवतंय म्हणून?"

मी पुसलं. मग विचारलं, "सकाळचे किती चांगले झालेत?"

"चार-पाच बरे आहेत. बाकीच्यात ते बेणं पुढं पळतंय आणि मी मागनं." लेहऱ्याबद्दल बोलत होते. मग म्हणाले, "दिवस थोडे राहिले रे." जायच्या तारखेबद्दलच म्हणाले असतील.

सगळे कायदे व्हायला हवेत. मला आता दुसरं काही नको आहे. पण बाबांनी ताणून धरल्यावर हात आणखी आवळतो, असं निहारिका म्हणते. मशीनचा लेहरा पुढे पळाला की ते ताणतात, ताणलं की मागे पडतात. वेग कमी करून द्यावा तर म्हणतात, या कायद्याची चाल ही नव्हे. आणि मागे कुठे किती पडणार हे आधी ठरवून मशीनला सांगता येत नाही. ते त्या क्षणीच कळतं.

जिन्याखाली मंडळाची पेटी आहे. ॲथलोनच्या गणपतीची, वर्षभर आमच्याकडे पडून असते, कारण जिन्याखाली जागा फक्त आमच्या घरी.


शनिवार, ३१ मे

गेले तीन दिवस ऑफिसातून आल्यावर पेटी घेऊन बसतोय. बोटांना लेहरा आठवतो, हे नवलच. भात्यात एक भोक होतं, तिथे टेप लावली. स्वरांगी म्हणाली, "इट साउंड्स लाइक अ सॅड गोट." पण दाराशी बसून राहिली.

बाबांना म्हटलं, मशीनच्या लेहऱ्यात काहीतरी बिघाड आहे, काही केल्या सापडत नाही, तेव्हा मीच धरू का? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता विचारतील. म्हणाले, "धर की. सपाट धर, माडीवर धरायचास तसा."


सोमवार, २ जून. बँक हॉलिडे

वाटी मोठी करून टाकली, लॅपटॉपने निवांत काम करावं. हेडफोन काढले. पेटीचा आवाज तबल्याच्या माइकमध्ये जाणार हे माहीत होतं. जाऊ दे म्हटलं.

सकाळी दहाला बसलो. निहारिकाने गोळी वेळेवर दिली होती आणि ती दाराबाहेर जिन्यात बसली, मी बसायचो तिथेच. पहिले दोन कायदे सरळ गेले, मला काही करावं लागलं नाही. तिसऱ्याला 'धिरधिर' आलं. ते सबंध उजव्या पंजाने घोळवायचं असतं. माझी नजर त्यांच्या हातावर होती. पंजा जड व्हायला लागलेला मला रेघा न बघता दिसला. धा पडला तो किंचित मागे. पुढचा आणखी किंचित मागे.

मी शेवटचा सूर जरासा लांबवला. इतकासा. बाबा आले तिथे सम ठेवली.

पुढच्या आवर्तनात पुन्हा. कधी जास्त, कधी अजिबात नाही. किती ते आधी ठरवता येत नव्हतं, श्वास धरून हाताकडे बघावं लागत होतं. त्यांच्या खांद्यातला ताण सैल होताना मला दिसला. मान हलायला लागली. शेवटच्या तिहाईला, तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचं असतं तिथे, मी पार खाली बघितलं, कारण डोळे भरून आले होते आणि पट्ट्या दिसत नव्हत्या. नुसता कानाने थांबलो. धा, धा, धा. पेटी आणि दोन्ही हात एका जागी पडले.

रेकॉर्डिंग थांबवायचं मी विसरलो. त्यामुळे पुढचं सगळं फाइलमध्ये आहे. खोलीत शांतता, बाहेर ब्रीदाचं गवत कापायचं मशीन, सोमवारी कसं काय कोण जाणे. मग बाबांचा आवाज, हळू, पण स्पष्ट:

"पेटी जरा मागं होती रे."

"लेटन्सी असेल," मी म्हणालो.

समोर लाकडी पेटी, तिला ना वायर, ना लॅपटॉप. भात्याला पिवळी टेप लावलेली. बाबांनी पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर आता फारसं काही उमटत नाही, पण डोळ्यांत उमटलं.

"असंल की," ते म्हणाले, आणि पुढच्या कायद्यासाठी तबला सुरात लावायला हातोडी उचलली.